अरुंद अक्षर आखावं लागतं, दाबून मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी पाट्यांच्या सक्तीवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलं. पाटी लावली की नाही, दंड किती, न्यायालय काय म्हणालं, सगळं झालं. लावलेल्या पाटीवरचं मराठी रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं का, हे मात्र फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही. सध्या ज्या एका अक्षरवळणाची फॅशन आहे तिथे तर हा प्रश्न हटकून येतो, म्हणून हे लांबलचक पत्र.

व्यायामशाळा, मोबाइलची दुकानं, इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूम, गेमिंग कॅफे यांच्या पाट्या पाहा. इंग्रजी नाव उंच, अरुंद, चौकोनी अक्षरांत असतं. रेघा एकाच जाडीच्या, टोकं सपाट, कोपरे किंचित गोलावलेले. यंत्राचा, कारखान्याचा, अंतराळयानाचा भास देणारं हे वळण आहे आणि ते वाईट मुळीच नाही. अडचण त्याच्या शेजारच्या मराठीची असते. हाताला लागेल तो साधा फाँट घ्यायचा आणि इंग्रजीच्या जोडीला शोभावा म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करायचा, असा सरसकट प्रकार चालतो.

या वळणाचं मूळ थोडक्यात सांगतो. मॉरिस फुलर बेंटन या अमेरिकी आरेखकाने १९३२ मध्ये ‘एजन्सी गॉथिक’ काढला. तो अरुंद, चौकोनी आणि फक्त मोठ्या अक्षरांचा होता. जर्मनीत १९३६ मध्ये ‘डिन १४५१’ हे अक्षरांच्या आकाराचं प्रमाण ठरलं. पट्टी-कंपास घेऊन कुणालाही तंतोतंत उतरवता यावीत अशी ती अक्षरं होती, आणि त्यांचा अरुंद प्रकार तिथल्या रस्त्यांच्या फलकांवर गेला. इटलीत तुरीनच्या नेबिओलो फाउंड्रीतून, म्हणजे छपाईचे टाइप ओतण्याच्या कारखान्यातून, १९५२ मध्ये ‘मायक्रोग्रामा’ आणि १९६२ मध्ये आल्दो नोव्हारेसेचा ‘युरोस्टाइल’ आला. हे दोन अरुंद नव्हेत, पण जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखं फुगीर चौकोनी पोट अक्षरांना मिळालं ते यांच्यामुळे, आणि विज्ञानपटवाल्यांनी ते उचलून धरलं. म्हणजे आपण ज्याला भविष्यकाळ समजतो तो चांगला साठ-सत्तर वर्षांचा जुना आहे.

देवनागरीत हे वळण मुळातून आखून आलं ते अलीकडे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘राजधानी’, ‘टेको’ आणि ‘खंड’ हे फाँट खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. ‘राजधानी’ची देवनागरी सत्य राजपुरोहित आणि ज्योतिष सोनोवाल यांची आहे, ‘टेको’ मानुषी पारीख यांचा. तिघांत ‘राजधानी’ त्यातल्या त्यात ऐसपैस आणि ‘टेको’ सगळ्यात अंग चोरून बसणारा. तिन्ही गूगल फाँट्सवरून फुकट उतरवून घेता येतात, धंद्यासाठी वापरता येतात, आणि एखादं जोडाक्षर हवं तसं नसेल तर नाव बदलून दुरुस्तही करता येतात. तेव्हा ‘मराठीत असला फाँटच मिळत नाही’ ही सबब आता चालण्यासारखी नाही.

आता दाबण्याचं गणित. कान्याची, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेची, जाडी २० मिलिमीटर आणि शिरोरेखेची १८ आहे असं धरा. ओळ आडवी ६० टक्क्यांवर आणली की काना १२ मिलिमीटरचा होतो, शिरोरेखा मात्र १८ चीच राहते, कारण दाब फक्त आडवा पडलेला असतो. शिरोरेखा कान्याच्या दीडपट जाड! सगळं अक्षर वरून टांगल्यासारखं दिसतं आणि ओळीवर एक काळा पट्टा तरंगतो. १० मिलिमीटर त्रिज्येचा गोल कोपरा ६ बाय १० चा लंबगोल होतो, म्हणजे ज्या कोपऱ्यांसाठी हे वळण निवडलं तेच बिघडले. ९० टक्क्यांपर्यंत दाबलेलं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ८५ ला येऊ लागतं, आणि त्याखाली जाण्याला आमच्या मते काही समर्थन नाही. मुळातून अरुंद आखलेल्या अक्षरात उभी आणि आडवी रेघ एकमेकींच्या हिशेबाने ठरवलेली असते, आणि पोटातली जागाही.

ती पोटातली जागा जवळून बघण्यासारखी आहे. शिरोरेखेपासून पायरेषेपर्यंतची उंची १०० भाग धरा. पुढे या पत्रात ‘मूळ उंची’ म्हणू ती हीच. अरुंद ठळक अक्षराची रुंदी साधारण ५० भाग आणि रेघेची जाडी १६. ‘व’मध्ये उजवा काना १६, डावी वळणाची रेघ १६, मधे उरले १८. हे ठीक आहे, डोळ्याला पोकळी दिसते. आता ‘ब’ घ्या. त्याच १८ भागांतून तिरकी रेघ जायची आहे. तीही १६ चीच ठेवली तर पोट भरून गेलं, आणि लांबून ‘ब’ म्हणजे एक काळा ठोकळा. म्हणून चांगला आरेखक ती तिरकी रेघ ८-९ भागांवर आणतो आणि अक्षरच ५-६ भाग रुंद करतो. एकच जाडी ही या वळणाची ओळख खरी, पण ती डोळ्याला वाटायला हवी. पट्टीने मोजून सगळीकडे सारखी ठेवली की अक्षर मेलं.

याहून अवघड ‘ळ’. दोन पोटं शेजारी-शेजारी असतात, म्हणजे तीन उभ्या जाड्या. रेघ १४ वर आणली तरी ४२ भाग त्यातच जातात. रुंदी ६० केली तर प्रत्येक पोटाला ९ भाग उरतात, ५० ठेवली तर ४. हिंदीत ‘ळ’ नसला तरी चालतं, त्यामुळे अनेक फाँटांत तो शेवटी उरकलेला दिसतो. आपल्याकडे कळंबोली, टिळक रोड, मंगळवार पेठ, काळाचौकी. गाडी अडते ती इथेच. फाँट निवडताना ‘ळ’ पहिल्यांदा तपासावा. ‘ह’, ‘झ’ आणि ‘ई’ यांचं दुखणं उलटं आहे. त्यांच्यात आडव्या रेघा एकाखाली एक येतात, त्यामुळे अरुंद केल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही, बुटकं केल्याने बिघडतं.

चौकोनी वळणात आणखी एक गोष्ट हमखास घडते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्यांतला फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. शिरोरेखा तुटलेली आहे की अखंड, आणि टोकाला गाठ आहे की नाही, यावर सगळं. गोल वळणात गाठ स्पष्ट दिसते. चौकोनी वळणात गाठ म्हणजे एक छोटासा चौकोन, तो पाच पावलांवरून सपाट दिसतो. मग सगळा भार शिरोरेखेतल्या फटीवर येतो. छापील मजकुरात ती फट रेघेच्या पाऊणपट असली तरी भागतं. पाटीवर, आणि विशेषतः आतून दिवा लावलेल्या पाटीवर, ती पूर्ण रेघेइतकी हवी, कारण उजेड दोन्ही बाजूंनी पसरून फट खातो. ‘भवानी’ची ‘मवानी’ होते ती अशी.

शिरोरेखेच्या वरची गर्दी हा वेगळाच अध्याय. ‘मूर्तींची’ हा शब्द कुठल्याही अरुंद फाँटात लिहून पाहा. ‘तीं’वर दुसऱ्या वेलांटीचं वळण, रफार आणि अनुस्वार अशी तीन बिऱ्हाडं एकाच खोलीत. रुंद फाँटात ती शेजारी-शेजारी राहतात, अरुंदात एकमेकांवर चढतात. नीट बनवलेल्या फाँटात वेलांटी, रफार आणि अनुस्वार मिळून एक स्वतंत्र आकार आखून ठेवलेला असतो आणि तो आपोआप बसतो. तसंच पहिल्या वेलांटीचं. ‘कि’ आणि ‘स्त्रि’ यांच्या रुंदीत किती फरक आहे! वेलांटीचं टोक नेमकं कान्यावर यायला हवं, म्हणून वेगवेगळ्या पल्ल्याच्या बऱ्याच वेलांट्या फाँटात भराव्या लागतात. एकाच मापाची वेलांटी असलेला फाँट मराठीला कुचकामी समजावा.

आमची चाचणीची ओळ अशी: मूर्तींची, दुसऱ्या, कुऱ्हाड, मंत्र्यांच्या, राष्ट्र, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, लक्ष्मी, ॲक्सेसरीज, डॉक्टर, मंगळवार. ‘दुसऱ्या’तला ऱ्य नीट न येणं ही जुनी तक्रार. तो न आल्यास ‘दुसर्या’ असं काहीतरी उमटतं, म्हणजे रफार ‘या’वर चढतो. ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या सवयीने अनेकजण ‘अ’ला चंद्र जोडून तेच अक्षर काढतात. पडद्यावर दोन्ही सारखं दिसतं, पण एखाद्या फाँटात जोडलेला चंद्र उजवीकडे घसरतो आणि मोबाइल ॲक्सेसरीजच्या पाटीवर तो कान्याच्या पलीकडे लोंबतो. ‘ल’ आणि ‘श’ही बघून घ्यावेत. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण आहे. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली तरच आपलं वळण उमटतं, नाहीतर हिंदीचं.

आता पाटीचं माप, कारण कायदा इथेच येतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. कामगार दहापेक्षा कमी असले तरी मराठी पाटी बंधनकारक झाली, मराठी नाव सुरुवातीला हवं, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्या काळात राज्यभर घाईघाईने पाट्या बदलल्या गेल्या. पण ‘आकार’ मोजायचा कुठून कुठपर्यंत?

इंग्रजी मोठ्या अक्षराला वर-खाली काही नसतं. पायापासून डोक्यापर्यंत जी उंची, तीच. मराठीत मूळ उंची १०० धरली तर वर वेलांटी-मात्रेला सुमारे ४५ आणि खाली उकाराला सुमारे ४० भाग लागतात. म्हणजे ओळ एकूण १८५ भागांची. कोरल या आरेखनाच्या प्रोग्रॅमवर काम करणारा ऑपरेटर काय करतो? दोन्ही नावं निवडतो, चौकटीची हँडल ओढून दोन्ही चौकटी सारख्या उंचीच्या करतो, आणि ‘साहेब, सेम साइज’ म्हणतो. चौकट सारखी झाली खरी. पण इंग्रजी अक्षर १० इंचांचं असेल तर ‘मुंबई’तला ‘म’ उरला १० भागिले १.८५, म्हणजे जेमतेम ५.४ इंचांचा. पाटी नियमात, अक्षर निम्मं. पॉइंट साइज, म्हणजे संगणकावर फाँटाच्या मापाचा आकडा, सारखी ठेवूनही न्याय होत नाही; बहुतेक फाँटांत त्याच पॉइंटला देवनागरीची मूळ उंची इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा कमी असते. ‘टेको’त तर वर-खाली जागा भरपूर सोडलेली असल्याने सगळंच अक्षर लहान दिसतं, ते आकडा वाढवूनच वापरावं लागतं. महापालिकेच्या निरीक्षकाने टेप लावायचा तो मराठीच्या शिरोरेखेपासून पायरेषेपर्यंत आणि इंग्रजीच्या डोक्यापासून पायापर्यंत. दुसरी कुठलीही पद्धत मराठीवर अन्याय करते.

१० फूट बाय ३ फुटांची नेहमीची पाटी घेऊ. वर-खाली ३-३ इंच सोडले की ३० इंच उरतात. दोन्ही भाषांची अक्षरं १० इंचांची करायची तर मराठीच्या ओळीला १८.५, मधे १.५ आणि इंग्रजीला १० इंच. बरोबर ३० झाले. नावात उकार किंवा खाली उतरणारं जोडाक्षर नसेल तर खालचे ४० भाग वाचतात आणि दोन्ही अक्षरं साडेअकरा इंचांपर्यंत नेता येतात. लांबीला दोन्ही बाजूंचे ४-४ इंच वजा केले की ११२ इंच राहतात. साध्या रुंदीच्या फाँटात १० इंच उंचीला यात ११ च्या आसपास अक्षरं बसतात, अरुंद फाँटात १७ पर्यंत. ‘इलेक्ट्रॉनिक्स’, ‘ऑटोमोबाइल्स’ अशी नावं घेणाऱ्यांना अरुंद वळण का हवं, ते यावरून कळावं. अरुंद अक्षराने लांबी वाचते. वाचलेल्या लांबीत अक्षर उंच करायचं, हाच त्याचा फायदा. उंची न वाढवता नुसतं अरुंद केलं तर हाती काही लागत नाही.

वाचनाच्या अंतरासाठी इंग्रजीत एक इंच उंचीला ३० फूट असं धरायची पद्धत आहे. मराठीला आम्ही मूळ उंचीच्या एका इंचाला २० फूट धरतो, कारण वर-खालच्या खुणा मूळ अक्षराहून लहान असतात आणि अर्थ त्यांच्यावरच ठरतो. १० इंचांची पाटी २०० फुटांवरून वाचता येईल. ती ५.४ इंचांची ‘सेम साइज’ पाटी १०८ फुटांवर संपते, म्हणजे चौपदरी रस्त्याच्या पलीकडून तिरकं पाहणाऱ्यासाठी ती जवळजवळ नाहीच.

दिव्याच्या अक्षरांत हेच माप पुढे छळतं. ॲक्रिलिकच्या किंवा स्टीलच्या थ्रीडी अक्षरात एलईडीची मॉड्यूल, म्हणजे दिव्यांचे छोटे संच, चिकटवायला आणि वायर फिरवायला रेघ निदान ३० मिलिमीटर रुंद लागते. रेघ मूळ उंचीच्या १६ टक्के धरली तर अक्षर किमान १८७ मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच हवं. १० इंचांच्या अक्षरात रेघ ४० मिलिमीटर मिळते आणि पोकळी ४५, काम छान होतं. ५.४ इंचांच्या अक्षरात रेघ येते २२ मिलिमीटर. तिच्यात मॉड्यूल बसत नाही, मग बनवणारा रेघ फुगवतो, आणि फुगवलेल्या रेघेने ‘ब’, ‘ळ’, ‘घ’ यांची पोटं बुजतात. दिवसा ठीक दिसणारी पाटी रात्री वाचता येत नाही, याचं कारण बहुतेकदा हे असतं. दोष फाँटाच्या माथी मारला जातो. साडेसात इंचांखाली जायचंच असेल तर स्वतंत्र अक्षरांचा नाद सोडून एसीपीच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम असलेल्या, पत्र्यात अक्षरं कोरून मागे दूधिया ॲक्रिलिक लावावं आणि सगळ्या पेटीला एकच उजेड द्यावा. मॉड्यूलमधलं अंतर अक्षराच्या खोलीपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर समोरून ठिपके दिसतात.

अनुस्वार सुटा असतो. या वळणात तो चौकोनी काढतात, आणि रेघेच्या सव्वापट, म्हणजे १० इंची अक्षराला ५० मिलिमीटर ठेवला तर शोभतो. त्याला स्वतःचं वायरचं भोक आणि दोन स्क्रू हवेत. एका स्क्रूवर लटकलेला अनुस्वार पहिल्या वादळात गोल फिरतो, दुसऱ्यात पडतो.

शिरोरेखेने सगळा शब्द एकसंध होतो. बसवायला हे सोयीचं, कारण अक्षरांमधलं अंतर भिंतीवर पुन्हा मोजावं लागत नाही. पण ॲक्रिलिक तापलं की वाढतं, मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. ८ फुटी शब्द, म्हणजे २४४० मिलिमीटर, सकाळ ते दुपार ३० अंशांनी तापला तर ५ मिलिमीटर वाढतो. सगळी भोकं स्क्रूच्या मापाची पाडली तर तो वाढणार कुठे? शिरोरेखा मधे फुगते किंवा भोकापासून तडकते, आणि मराठी पाटी तडकली की ती शिरोरेखेतच तडकते, इंग्रजीची अक्षरं सुटी असल्याने निवांत राहतात. उपाय स्वस्त आहे. मधलं एक भोक घट्ट ठेवायचं, बाकीची आडवी लांबट पाडायची. शीट ८ बाय ४ फुटांची येते, त्यामुळे जोड शक्यतो दोन शब्दांच्या मधे घ्यावा. शब्दच मोठा असेल तर कान्याच्या कडेला, मागून पट्टी लावून. शीट कापणाऱ्या राउटर यंत्राला ३ मिलिमीटरचा बिट, म्हणजे फिरतं पातं, असेल तर आतला कुठलाही कोपरा दीड मिलिमीटरच्या त्रिज्येहून तीक्ष्ण निघणार नाही. आरेखनातच आतले कोपरे २ मिलिमीटरने गोल केले की कापलेलं आणि काढलेलं यांत फरक पडत नाही, आणि हे वळण तसंही गोल कोपऱ्याचंच आहे.

सरकत्या अक्षरांच्या लाल पाट्यांबद्दल थोडं. त्यांचं पी-१० मॉड्यूल ३२ बाय १६ ठिपक्यांचं, ३२० बाय १६० मिलिमीटरचं असतं. तिथे चौकोनी वळण हा शौक नसून नाइलाज आहे. उंचीचे १६ ठिपके वाटायचे कसे? मात्रेला ४, शिरोरेखेला १, अक्षराला ८, उकाराला ३. आठ ओळींत ‘ह’ कसाबसा निघतो. ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्र’ला मात्र बाराएक ओळी लागतात, म्हणून ‘महाराष्ट्र’ तिथे तुटतोच. दोन मॉड्यूल एकावर एक बसवून ३२ ओळी घेतल्या की ७, २, १७ आणि ६ अशी वाटणी होते आणि रेघ दोन ठिपक्यांची मिळते. बस-स्थानकासाठी किंवा दवाखान्यासाठी पाटी घेताना एवढा खर्च टाळू नये.

संगणकावरच्या चुकाही ठरलेल्या आहेत. अरुंद इंग्रजी अक्षरांत आरेखक अक्षरांमधली मोकळीक (ट्रॅकिंग) हमखास वाढवतात, त्याने नाव भारदस्त दिसतं. तीच संख्या मराठीला लावली की शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि पहिल्या वेलांटीचं टोक कान्याच्या अलीकडेच थांबतं. मराठीला ट्रॅकिंग शून्य, बस. ओळ हलकी हवी असेल तर एक वजन खाली उतरावं, म्हणजे त्याच फाँटाचा कमी जाडीचा प्रकार घ्यावा. ठळक वजनाबद्दल ‘टेको’च्या कर्त्यांनीच सांगून ठेवलं आहे की लांब मथळ्यांना रेग्युलर, मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्यावं, बोल्ड एक-दोन शब्दांपुरतंच. इलस्ट्रेटर या आरेखनाच्या प्रोग्रॅममध्ये वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल किंवा जोडाक्षरं पाय मोडून येत असतील तर फाँट बदलत बसू नये. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक पर्याय चालू करावेत आणि परिच्छेदाच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडावा. पानं लावण्याच्या इनडिझाइनमध्ये त्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणतात. छपाईला फाइल देताना अक्षरांच्या आउटलाइन, म्हणजे फाँटाशिवाय उघडणारे आकार, करून द्याव्यात, पण त्याआधी एकमेकांवर चढलेले आकार जोडून घ्यावेत. देवनागरी फाँटात शेजारची अक्षरं शिरोरेखेत किंचित एकमेकांवर असतात. ती जोडली नाहीत तर कटिंग प्लॉटर प्रत्येक जोडापाशी उभी चीर मारतो, आणि व्हिनाइलचा चिकट कागद उचलताना शिरोरेखेचे तुकडे हातात येतात.

शेवटी आपल्याच घराकडे, म्हणजे वर्तमानपत्रांकडे. अरुंद वळणाची गरज मराठी मथळ्याला हिंदीपेक्षा जास्त आहे, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. हिंदीत ‘के’, ‘में’, ‘से’ सुटे पडतात आणि ओळ तिथे मोडता येते. आपला ‘मुख्यमंत्र्यांच्या’ किंवा ‘महानगरपालिकेसमोर’ दोन कॉलमांत अख्खा बसवावा लागतो. म्हणून बहुतेक दैनिकांत मथळे सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर दाबलेले दिसतात, आणि एकाच पानावर प्रत्येक बातमीचा दाब वेगळा. पानाच्या साच्यात आडव्या दाबाची मर्यादा ९० टक्क्यांवर कायम करावी आणि त्याहून लांब मथळ्यासाठी मुळातून अरुंद असलेला एक फाँट ठरवून ठेवावा. असा फाँट आडवी जागा वाचवतो, पण उभी मागतो. ४८ पॉइंटच्या दोन ओळी एकमेकींपासून ५२ पॉइंटांवर बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. ५८ ते ६२ द्यावेत. तरीही एखाद्या ठिकाणी ‘कू’खाली नेमका ‘र्ती’ येतो. तिथे सगळी ओळ सैल करण्यापेक्षा मथळ्यातला एक शब्द हलवावा. उपसंपादकाला ते कलाविभागापेक्षा लवकर जमतं.

आपले,
फलकनिर्मिती आणि अक्षररचनेच्या कामातले काही वाचक,
पुणे